मालाच्या नावाची नोंदणी अर्थात ट्रेडमार्क

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुक्यात कापूस, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके घेतली जातात. कापूस जिनिंगमध्ये जातो, त्याच्या गाठी बांधल्या जातात आणि गाठीवर खूण लागते ती जिनिंगची. सोयाबीन तेलगिरणीकडे जाते. या दोन पिकांत शेतकऱ्याचे नाव काटापट्टीपुरतेच उरते. तुरीचे मात्र तसे राहिलेले नाही. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या पीकेव्ही मिनी दाल मिलसारख्या यंत्रामुळे तूर तशीच न विकता गावातच डाळ करून विकणे बचत गटांना व शेतकरी उत्पादक कंपन्यांना शक्य झाले आहे. डाळ किलो-दोन किलोच्या पाकिटात भरली की वणी, चंद्रपूरकडील खाणींच्या वसाहतींत आणि यवतमाळच्या दुकानांत तिला गिऱ्हाईक मिळू शकते. पाकीट म्हटले की त्यावर नाव आले, आणि नाव आले की ते नाव कोणाचे, हा प्रश्न आला.

हा प्रश्न बहुतेक वेळा उशिरा पडतो. डाळ चांगली निघाली, दुकानदार नावाने मागू लागला, आणि मग कोणीतरी त्याच नावाचे, त्याच रंगाचे पाकीट घेऊन बाजारात उतरला की गट कागदपत्रांची शोधाशोध करू लागतो. म्हणून पहिले पाकीट छापण्यापूर्वीच काय करावे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

एचएमटी तांदळाची गोष्ट

आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या बांधीत ‘पटेल ३’ या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, वर्षानुवर्षे निवड करीत बियाणे वाढविले आणि त्यातून बारीक दाण्याचे, चवीला सरस असे धान तयार झाले. १९९० च्या सुमारास हे धान बाजारात आले तेव्हा त्याला नाव नव्हते. त्या काळी एचएमटीची मनगटी घड्याळे सर्वांच्या आवडीची होती. व्यापाऱ्याने धानाला तेच नाव दिले आणि ते महाराष्ट्राबाहेरही पसरले. पुढे विद्यापीठाने १९९४ मध्ये या धानाचे बियाणे घेऊन १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित केले. त्याच्या श्रेयावरून नंतर जाहीर वादही झाला. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, परंतु या तांदळाच्या बाजारातून त्यांच्या हाती फारसे काही आले नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

या गोष्टीत दोन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत व त्यांची गल्लत करू नये. वाण शोधणाऱ्याचा हक्क हा एक प्रश्न. त्यासाठी आपल्या देशात कायदा झाला तो २००१ मध्ये, म्हणजे एचएमटी घरोघर पोचल्यानंतर. दुसरा प्रश्न नावाचा. ‘एचएमटी’ हे नाव मुळात घड्याळवाल्या कंपनीचे. धानाच्या बाबतीत ते प्रकाराचे नाव झाले, म्हणजे आज कोणीही गिरणीवाला आपल्या पोत्यावर ‘एचएमटी तांदूळ’ असे लिहितो. प्रकाराचे नाव एकट्याच्या मालकीचे होत नाही. दादाजींनी आपल्या तांदळाच्या पिशवीला स्वतःचे असे वेगळे नाव देऊन ते नोंदवले असते, तर निदान ती पिशवी तरी त्यांची राहिली असती. हे आज बोलणे सोपे आहे, त्या वेळी त्यांना कोण सांगणार होते, हेही तितकेच खरे.

तेव्हा ‘तूरडाळ’ हे वस्तूचे नाव, ‘पीकेव्ही तारा’ हे तुरीच्या वाणाचे नाव, आणि पाकिटावर आपण जे तिसरे नाव छापतो ते आपल्या व्यवसायाचे नाव. या तिसऱ्या नावाला, चित्राला किंवा दोहोंच्या जोडीला व्यापारचिन्ह म्हणतात. ट्रेडमार्क हाच शब्द आता सर्वांच्या तोंडी असल्याने पुढे तोच वापरला आहे. सध्याचा कायदा १९९९ चा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला.

कोणते नाव मिळते आणि कोणते मिळत नाही

अर्ज अडतात ते बहुधा नावाच्या निवडीत. गटाची बैठक बसते, प्रत्येकजण नाव सुचवितो, आणि शेवटी पसंत पडते ते नेमके न मिळणारे नाव.

मालाचा गुण, जात, वापर किंवा ठिकाण सांगणारे नाव सहसा नोंदले जात नाही. ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘गावरान’, ‘सेंद्रिय’ हे शब्द प्रत्येक विक्रेत्याला वापरण्याची गरज असते, म्हणून ते एकाला देता येत नाहीत. ‘मारेगाव तूरडाळ’ हे नाव आपल्याला कितीही प्रिय असले तरी त्याची गत तीच. तालुक्यातील दुसऱ्या गटाने मारेगाव लिहायचे नाही, असे कोणी कसे म्हणावे?

देवादिकांच्या नावांविषयीही जपून असावे. ‘लक्ष्मी’, ‘बालाजी’, ‘गणेश’ ही नावे शेकडो जण वापरतात. चित्र आणि अक्षरांची वेगळी मांडणी करून लेबल नोंदविता आले तरी त्या शब्दावर एकट्याचा ताबा मिळणे अवघड असते. धर्मग्रंथाच्या नावाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका अगरबत्तीच्या प्रकरणात निकाल देताना ‘रामायण’ या शब्दावर कोणालाही एकट्याचा हक्क सांगता येणार नाही, असे स्पष्ट केले. आणखी एक बाब आपल्याकडे फार जणांना माहीत नसते. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव व चित्र, तसेच ‘शिवाजी’, ‘गांधी’, ‘नेहरू’ हे शब्द १९५० च्या चिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या यादीत आहेत. धंद्यासाठी ते वापरताच येत नाहीत, मग नोंदणी तर दूरच. श्रद्धेपोटी महाराजांचे चित्र पाकिटावर छापणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे.

आधी नोंदलेल्या नावाशी मिळतेजुळते नावही चालत नाही. येथे स्पेलिंग वेगळे आहे, काना-मात्रा वेगळी आहे, ही सबब उपयोगी पडत नाही. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांचा वाद सर्वोच्च न्यायालयात १९६२ मध्ये निकाली निघाला. दोन्ही नावे शेजारी ठेवून शब्दांची फोड करीत बसू नये, साधारण बुद्धीच्या आणि नाव अर्धवट लक्षात असलेल्या गिऱ्हाईकाला काय वाटेल ते पाहावे, असा विचार न्यायालयाने केला आणि नावे फसगत होण्याइतकी सारखी आहेत असे ठरविले. तरीही लक्ष्मणधारावाल्याला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. कारण अमृतधाराच्या मालकाला त्याची विक्री माहीत असूनही तो बरीच वर्षे गप्प राहिला होता. बाजारात कोण काय विकतो यावर डोळा ठेवणे किती जरुरीचे आहे, हे यावरून कळावे.

मग नाव कसे असावे? मालाशी थेट संबंध नसलेले, बोलायला सोपे, दुकानदाराच्या तोंडी बसेल असे. उदाहरणादाखल ‘टिपूर’ हा शब्द घ्या. टिपूर चांदणे आपण म्हणतो, परंतु डाळीचा गुण त्यातून सांगितला जात नाही, आणि तूर या शब्दाशी यमकही जुळते. असा शब्द नोंदणीच्या दृष्टीने बळकट असतो. अर्थात तो आधीच कोणी घेतलेला नाही ना, हे पाहावे लागेल. पेटंट, डिझाइन व ट्रेडमार्क महानियंत्रकांच्या संकेतस्थळावर हा शोध कोणालाही विनामूल्य घेता येतो. शब्दाप्रमाणे आणि उच्चाराप्रमाणे असे दोन्ही शोध घ्यावेत. त्याशिवाय वणी, यवतमाळ, चंद्रपूरच्या किराणा दुकानांत एक फेरी मारावी. नोंदणी नसलेले परंतु आधीपासून चालत असलेले नावही आडवे येऊ शकते, कारण आधी वापरणाऱ्याचा हक्क कायदा राखून ठेवतो.

अर्ज कोणाच्या नावे करावा

या मुद्द्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होते आणि भांडणे येथूनच सुरू होतात. गट नवा असतो, बँक खाते व्हायचे असते, म्हणून अध्यक्ष किंवा एखादा उत्साही सभासद स्वतःच्या नावाने अर्ज करून टाकतो. वैयक्तिक अर्जाला फी कमी पडते, हेही एक कारण सांगितले जाते. चार वर्षांनी त्याचे गटाशी पटेनासे झाले की कायद्याच्या नजरेत नाव त्याचे असते. पाकिटे भरणाऱ्या बायका, तूर घालणारे शेतकरी आणि दाल मिलचे कर्ज फेडणारा गट यांच्या हाती फक्त डाळ उरते.

अमूलचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. आणंद येथील खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९४६ मध्ये स्थापन झाला. अमूल या नावाची मालकी या संघाकडे आहे आणि गुजरातचा राज्य महासंघ ते नाव वापरून विक्री करतो. माणसे बदलली, पदाधिकारी बदलले, नाव उत्पादकांच्या संस्थेकडेच राहिले.

म्हणून उत्पादक कंपनी असेल तर कंपनीच्या, सहकारी संस्था असेल तर संस्थेच्या नावे अर्ज करावा आणि तसा ठराव इतिवृत्तात नोंदवावा. आधीच एखाद्याच्या नावे अर्ज झाला असेल तर संबंध चांगले असतानाच लेखी हस्तांतरण करून नोंदवहीत मालकाच्या नावाचा बदल करून घ्यावा. लेबलाचे चित्र काढणाऱ्या चित्रकाराकडून किंवा छापखान्याकडूनही ते चित्र गटाला दिल्याचे चार ओळींचे पत्र घ्यावे. एरवी चित्राचा हक्क त्याच्याकडे राहिल्याची तक्रार पुढे उद्भवू शकते.

अर्जाची पद्धत

महाराष्ट्रासाठी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालय मुंबईला आहे. अर्ज टीएम-ए या नमुन्यात घरबसल्या ऑनलाईन करता येतो. त्याला डिजिटल सही लागत असल्याने बहुतेक जण नोंदणीकृत एजंट किंवा वकिलामार्फत अर्ज करतात. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग यांना ऑनलाईन अर्जास ४,५०० रुपये आणि इतरांना ९,००० रुपये सरकारी फी आहे. कागदी अर्जास अनुक्रमे ५,००० व १०,००० रुपये पडतात. उत्पादक कंपनीने उद्यम नोंदणी केली असल्यास ते प्रमाणपत्र जोडून लघुउद्योगाच्या कमी फीचा लाभ घ्यावा. म्हणजे फी वाचविण्यासाठी एकट्याच्या नावे अर्ज करण्याचे कारणच उरत नाही. एजंटाचे मानधन वेगळे असते, ते आधी लेखी ठरवून घ्यावे.

ही फी प्रत्येक वर्गासाठी आहे. जगभरच्या वस्तू व सेवा ४५ वर्गांत विभागल्या आहेत. आपल्या कामाचे वर्ग थोडेच आहेत. ताजी फळे, भाजीपाला, कच्चे धान्य, बियाणे आणि पशुखाद्य ३१ व्या वर्गात येतात. तांदूळ, पीठ, मसाले, हळद पूड, गूळ आणि मध ३० व्या वर्गात, तर खाद्यतेल, दुग्धपदार्थ, लोणची आणि वाळविलेली फळे-भाज्या २९ व्या वर्गात. सरबतासाठी ३२ आणि खतासाठी पहिला वर्ग. डाळीसाठी अर्जदार २९ किंवा ३० असे निरनिराळे वर्ग लिहिताना दिसतात. तरी अर्ज भरताना नोंदणी कार्यालयाच्या वस्तूंच्या यादीत आपली वस्तू कोणत्या शब्दांत व कोठे दिली आहे ते पाहूनच वर्ग लिहावा. नावाचा शोध मात्र २९, ३० व ३१ या तिन्ही वर्गांत घ्यावा. उद्या लोणचे काढू, परवा तेल काढू, म्हणून आजच पाच वर्गांत पैसे घालण्यात अर्थ नाही.

नाव मराठीत असल्यास त्याचे लिप्यंतर व अर्थ अर्जात द्यावा लागतो. नाव आधीपासून वापरात असेल तर केव्हापासून, ते प्रतिज्ञापत्रावर सांगून पुरावा जोडावा लागतो. येथे आपल्या मंडळींची पंचाईत होते. डाळ विकलेली असते, पण बिल नसते. आठवडी बाजारात रोखीने विकताना बिल कोण फाडतो? निदान दुकानदाराला दिलेल्या मालाचे तरी तारखेचे, नावानिशी बिल करावे. पहिल्या पाकिटांच्या छपाईचे बिल आणि कृषी प्रदर्शनातील गाळ्याची पावती एका फाईलला लावून ठेवावी. अशा कागदांचे वजन मोठे असते.

अर्ज तपासला जातो. हरकत निघाल्यास तपासणी अहवाल येतो आणि तो मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत उत्तर द्यावे लागते. पुष्कळ अर्ज येथेच मरतात, कारण अहवाल एजंटाच्या ई-मेलवर येतो आणि गटाला त्याचा पत्ताच नसतो. अर्जाचा क्रमांक स्वतःजवळ ठेवून दर पंधरवड्याला संकेतस्थळावर स्थिती पाहावी. अर्ज स्वीकारला गेला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. त्यानंतर चार महिन्यांच्या आत कोणालाही विरोध नोंदविता येतो. विरोध न आल्यास प्रमाणपत्र मिळते. मुदत अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे, पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण. नोंदणी झाल्यावर सलग पाच वर्षे नाव वापरलेच नाही तर ते काढून टाकण्यासाठी दुसरा अर्ज करू शकतो.

अर्ज केल्यावर, किंबहुना न करताही, नावाशेजारी ‘टीएम’ ही अक्षरे छापता येतात. वर्तुळातील ‘आर’ मात्र प्रमाणपत्र हाती आल्यावरच छापावा. नोंदणी नसताना तो वापरणे कायद्याने दंडनीय आहे. शेतकरी मेळाव्यातील गाळ्यांवर असा ‘आर’ छापलेली पाकिटे हमखास दिसतात. विचारले तर, छापखानेवाल्याने टाकून दिला, शोभून दिसतो, असे उत्तर मिळते! त्याचप्रमाणे अॅगमार्क हा सरकारचा प्रतवारीचा शिक्का आहे आणि अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक हा परवान्याचा क्रमांक आहे. या दोन्हींमुळे नावावर हक्क मिळत नाही.

नक्कल झाल्यास

नोंदणी असेल तर आपण जेथे धंदा करतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, नक्कल करणाऱ्याच्या गावी जावे लागत नाही. न्यायालय मनाई हुकूम देऊ शकते, नुकसानभरपाई देवविते. खोटा ट्रेडमार्क लावणे हा फौजदारी गुन्हाही असून त्यास किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी निबंधकांचे मत घेऊन माल जप्त करू शकतो. नोंदणी नसेल तर हातपाय अगदीच बांधलेले नसतात, परंतु आपले नाव बाजारात मुरले होते आणि गिऱ्हाईक फसले, हे सर्व आपल्यालाच सिद्ध करावे लागते. तो मार्ग लांबचा आणि खर्चाचा आहे.

प्रत्यक्षात बरीच प्रकरणे वकिलाच्या नोटिशीवरच मिटतात, मात्र नोटिशीत नोंदणी क्रमांक असला तर. भारतातील नोंदणी भारतापुरतीच असते, हेही माहीत असावे. कॅनडात कोणीतरी अमूलचे नाव वापरल्यावर संघाला तेथील न्यायालयात जावे लागले आणि २०२१ मध्ये तेथे त्याच्या बाजूने निकाल झाला. आणि डाळच शिजत नसेल तर नोंदणीचा कागद ती शिजवून देत नाही, हे वेगळे सांगायला नको.

गावाच्या नावाचे काय?

मारेगाव हे नाव एका गटाला मिळत नाही, असे वर म्हटले. एखाद्या भागाच्या मातीमुळे, हवामानामुळे मालाला खास गुण आला असेल, तर तेथील सर्व उत्पादकांसाठी भौगोलिक मानांकनाची वेगळी वाट आहे. त्याची नोंदणी चेन्नईला होते. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये, तर वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्याच्या वायगाव हळदीला आणि नागपूर जिल्ह्यातील भिवापूर मिरचीला २०१६ मध्ये असे मानांकन मिळाले. ते विकता येत नाही, कोणा एकाचे होत नाही, आणि त्या भागातील शेतकऱ्यालाही ते वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे लागते. वायगावचा शेतकरी मानांकनाच्या जोडीला स्वतःचा ट्रेडमार्कही लावू शकतो. एकाने माल कोठला ते कळते, दुसऱ्याने कोणाचा ते कळते.

बियाण्याची पिशवी

डाळीवर नाव चालले की बियाण्याच्या पिशवीवरही तेच नाव टाकावे, असे गटाला वाटू लागते. येथे थांबून विचार करावा. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ च्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातील बियाणे, ते संरक्षित वाणाचे असले तरी, राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. मात्र ते ब्रँडेड बियाणे म्हणून विकता येत नाही. म्हणजे पिशवीत भरून, हे अमुक संरक्षित वाण आहे असे लेबल लावून विकता येत नाही. शेजाऱ्याला धुऱ्यावर पोते मोजून देणे वेगळे आणि छापील पिशवी दुकानात ठेवणे वेगळे. पिशवीचा धंदा करावयाचा असल्यास बियाणे विक्रीचा परवाना घ्यावा, संरक्षित वाण असल्यास वाणाच्या मालकाची परवानगी घ्यावी आणि नावासाठी ३१ व्या वर्गात स्वतंत्र अर्ज करावा. आपण स्वतः निवड करून एखादे वाण जोपासले असेल, तर ते दिल्ली येथील पीक वाण प्राधिकरणाकडे शेतकरी वाण म्हणून नोंदविता येते. त्या नोंदणीसाठी शेतकऱ्यांना फी नाही. अर्ज भरण्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्राची मदत घ्यावी.